डीबीएसआधी गोळ्यांची पिशवी उलटी करा

पार्किन्सनसाठी डीबीएस करायचं ठरलं की घरात आधी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. धानाचे पैसे हातात कधी येणार, नागपूरला करायचं की मुंबईला, कुठल्या योजनेत बसतं का, सोबत कोण राहणार. रक्तस्रावाचा विषय निघतो तो ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, संमतीपत्रावर सही करताना. त्या वेळी घाबरण्यापलीकडे काही करता येत नाही. पण मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता वाढवणाऱ्या किंवा घटवणाऱ्या बऱ्याच गोष्टी थिएटरच्या बाहेर, तीन-चार आठवडे आधी, गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-तिरोड्याच्या घरातच ठरत असतात. त्या रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या हातातल्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर.

डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन. लोक त्याला ‘मेंदूचा पेसमेकर’ म्हणतात. कवटीला छोटं छिद्र पाडून साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूच्या खोल भागात नेतात, बहुतेकदा दोन्ही बाजूंना. पार्किन्सनमध्ये नेहमी निवडला जाणारा ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ हा भाग आपल्याकडच्या लाखोळीच्या दाण्याहून थोडासाच मोठा असतो. छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात आणि कानामागून, मानेतून कातडीखालूनच जोडतार आणतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या पद्धतीची आजची वाट पाडली. अमेरिकेत कंपाच्या आजारासाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सनसाठी २००२ मध्ये तिला मान्यता मिळाली. आपल्या राज्यात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही शस्त्रक्रिया सुरू झाली. थोडक्यात, ही काल-परवाची प्रयोगातली गोष्ट नाही. तिचे धोके मोजले गेलेले आहेत.

मोजमाप काय सांगतं? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात १०० रुग्णांमागे सुमारे ५ जणांना कुठला ना कुठला रक्तस्राव झालेला दिसला. त्यातल्या काहींना तो जाणवलाही नाही, फक्त स्कॅनवर दिसला. लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव १०० पैकी साधारण दोघांना झाला, आणि कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू सुमारे एकाच्या वाट्याला आला. वय जास्त असेल आणि रक्तदाब वाढलेला असेल तर धोका वाढतो, हेही अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

शंभरातला एक हा आकडा ऐकून कुणी म्हणेल काहीच नाही, कुणी म्हणेल फार झाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्याच्या गोळ्यांचा असर दोन तासांत उतरतो, जो दिवसातला अर्धा वेळ खिळल्यासारखा बसून असतो, त्याचं गणित वेगळं. ज्याचं नुसत्या गोळ्यांवर बरं चाललंय त्याचं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला घाईने डीबीएसकडे ढकलणं मला योग्य वाटत नाही, मग सल्ला देणारा कितीही मोठा असो.

आता पिशवी. रुग्णाची जी औषधं घरात आहेत ती सगळी, डब्यातली, उशाखालची, कपाटावरची, खाटेवर ओता. पार्किन्सनच्या गोळ्या बाजूला ठेवल्यावर उरलेल्या ढिगात रक्त गोठण्याच्या आड येणारं काहीतरी हमखास सापडतं. पहिला संशयित अ‍ॅस्पिरिन. छातीत दुखलं म्हणून कधीतरी सुरू झालेली ७५ मिलिग्रॅमची गोळी दहा वर्षं चालू असते आणि तिला कुणी औषध म्हणून मोजतच नाही. दुसरं क्लोपिडोग्रेल. तिसरी गंमत अशी, की ‘कोलेस्टेरॉलची कॅप्सूल’ म्हणून जी रोज रात्री घेतली जाते, तिच्या नावापुढे ‘गोल्ड’ लिहिलेलं असेल तर तिच्यात बहुधा कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही दोन्ही असतात. डॉक्टर विचारतात, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? नातेवाईक मनापासून सांगतात, नाही. खोटं कुणीच बोललेलं नसतं. म्हणून तोंडी उत्तर देऊ नका, पाकिटं घेऊन जा. रिकामी पाकिटंसुद्धा.

हृदयाची झडप बदललेली असेल किंवा ठोके अनियमित असतील तर वॉर्फरिन, एसेनोकूमरॉल किंवा अ‍ॅपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान यांपैकी काहीतरी चालू असण्याची शक्यता मोठी. ही यादीतली सगळ्यांत वजनदार मंडळी.

याखेरीज अंगदुखीच्या गोळ्या. पार्किन्सनमध्ये खांदे-पाठ आखडतात, दुखतात, आणि चौकातल्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सहज आणलं जातं. गुडघ्यासाठी कमरेत घेतलेलं ‘दुखण्याचं इंजेक्शन’ही बहुधा याच जातीचं. प्लेटलेटचं काम ही औषधंही काही काळ मंदावतात. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ‘ई’ जीवनसत्त्व, लसणाच्या गोळ्या, जिन्को यांचा परिणाम लहान असतो, पण कवटीच्या आत लहान परिणामालाही किंमत आहे, यादीत लिहा. नैराश्यासाठीच्या काही गोळ्या आणि झटक्यांवरचं सोडियम व्हॅल्प्रोएट यांचंही तसंच, पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आणि खाजकुयलीचं चूर्ण. कंपवातासाठी ते अनेक घरांत घेतलं जातं. त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य गोळीतलंच द्रव्य. रक्तस्रावाशी त्याचा थेट संबंध नाही, पण डोसाचा हिशेब त्यामुळे चुकतो. वैद्यांचं नाव सांगायला संकोच वाटतो म्हणून ते लपवलं जातं. न्यूरॉलॉजिस्ट रागावले तर रागावू द्या. रॅसाजिलीन किंवा सेलेजिलीन ही पार्किन्सनची गोळी चालू असेल तर तेही भूलतज्ज्ञांना वेगळं सांगा, कारण पेथिडीनसारख्या काही वेदनाशामकांशी तिचं जमत नाही.

कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची? अ‍ॅस्पिरिनचा असर प्लेटलेटच्या आयुष्याइतका, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो, म्हणून बहुतेक सर्जन साधारण तेवढाच काळ मागतात. क्लोपिडोग्रेलसाठी ५ ते ७ दिवस, मेंदूचं ऑपरेशन म्हणून काही जण त्याहून जास्त. वॉर्फरिन साधारण ५ दिवस आधी थांबवून आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा करतात. अ‍ॅपिक्सॅबॅनसारख्या नव्या औषधांना दोन-तीन दिवस पुरतात, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त. हे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. हे वाचून कुणी परस्पर गोळी बंद करू नये. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल एकदम सोडलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कृत्रिम झडपेवर गुठळी झाली तर अर्धांगवायू. मेंदूतला रक्तस्राव टाळायला जाऊन हे ओढवून घेतलं तर काय मिळवलं?

यावर उपाय साधा आहे, पण तो आपल्याकडे फारसा केला जात नाही. हृदयाचे डॉक्टर आणि मेंदूचे सर्जन यांना एकमेकांशी बोलायला लावा. फोनवर चालेल, चिठ्ठीवर चालेल. मग एकाच कागदावर लिहून घ्या: कोणती गोळी, कोणत्या तारखेला शेवटची, मध्ये हेपॅरिनची इंजेक्शनं लागणार का, पुन्हा कधी सुरू. ‘आठवडाभर आधी बंद करा’ असं तोंडी ऐकून घरी आलात तर आठवडा कुठून मोजायचा यावरच वाद होतो, आणि तारीख पुढे गेली तर बंद गोळी बंदच राहते. नुकताच स्टेंट बसला असेल तर काही महिने थांबण्याचा सल्ला मिळेल. तो मानावा. डीबीएस ही अगदी क्वचित अपवाद सोडता सवडीने करायची शस्त्रक्रिया आहे. ती काही महिने पुढे गेल्याने आजार हाताबाहेर जात नाही.

सवडीचा हा मुद्दा गोंदियाच्या पावसाळ्यात जास्त कामाचा. रोवणीच्या दिवसांपासून पुढे दिवाळीपर्यंत जिल्ह्यात तापाचा हंगाम असतो. सालेकसा, देवरीकडच्या जंगलपट्टीत मलेरिया, शहरात डेंग्यू, आणि शेता-गवतात काम करणाऱ्यांना स्क्रब टायफस, ज्याची मोठी साथ विदर्भाने २०१८ मध्ये पाहिली. या तिन्हींत प्लेटलेट घसरू शकतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट साधारण एक लाखाच्या वर असाव्यात, अशी अपेक्षा असते. तारीख मिळाली आहे, आगगाडीचं आरक्षण झालं आहे, म्हणून अंगातला ताप गोळी घेऊन दाबून कुणी निघतं. असं करू नका. ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी ताप येऊन गेला असेल तरी सांगा, रक्त पुन्हा तपासून घ्या. जमलं तर तारीखच उन्हाळ्याच्या आधीच्या कोरड्या महिन्यांतली मागा. थंडीनंतरचे ते दिवस धान विकून झाल्यावरचे असतात, सोबतीला माणूसही मोकळा असतो.

दारूचा प्रश्न घरातल्या बायकांसमोर विचारला की उत्तर ‘कधीतरी’ असं येतं. मोहाची असो की दुकानातली, वर्षानुवर्षं घेतली असेल तर यकृत कमजोर होतं, आणि रक्त गोठवणारी बरीचशी द्रव्यं यकृतातच तयार होतात. अचानक सोडल्यावर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, भ्रम, झटके येऊ शकतात, आणि ते नेमके वॉर्डात आले तर सर्जनला हा रक्तस्राव की दारू सुटल्याचा त्रास, हे ओळखणं अवघड जातं. डॉक्टरांना एकटं भेटून खरं सांगा. ते काही गावात बोलायला येत नाहीत.

पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अनेक समाजांत आढळतो. तपासणी झाली असेल तर कार्ड सोबत न्या, झाली नसेल तर करून घ्या. साधी प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते. वाहक असणं म्हणजे ऑपरेशनला मनाई नाही. भूलतज्ज्ञांना फक्त ते माहीत हवं, म्हणजे ऑक्सिजन, शरीरातलं पाणी आणि उबदारपणा यांवर ते जास्त लक्ष ठेवतील. प्रत्यक्ष आजार असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्याही नाजूक झालेल्या असू शकतात. दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, कारण नसताना काळेनिळे डाग येतात, आईला किंवा बहिणीला बाळंतपणात फार रक्त गेलं होतं, अशी एखादी आठवण असेल तर तीही सांगण्यासारखी. एखाद्या वेळी कागदावरच्या सगळ्या तपासण्या ठीक येतात आणि अशा आठवणीतूनच दोष सापडतो.

रक्तदाबाकडे या सगळ्यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं, कारण तो हातात असतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष असतं. तार आत जात असताना वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा भूलतज्ज्ञांचा प्रयत्न असतो. रुग्ण जागा असेल, पार्किन्सनच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून बंद असतील, डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवलेली असेल, तर रक्तदाब चढणारच. ज्याचा आधीपासून आटोक्यात आहे त्याचा आवरता येतो. आधीचे तीन-चार आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. पार्किन्सनमध्ये बसल्यावर जास्त आणि उभं राहिल्यावर एकदम कमी असा खेळही चालतो, म्हणून दोन्ही वेळचे आकडे लिहा. ती वही पाहून डॉक्टर गोळी बदलतील. ऑपरेशनच्या सकाळी रक्तदाबाची कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती नाही, हे आदल्या दिवशी नाव घेऊन विचारा. सगळ्या गोळ्यांना एकच नियम लागू नसतो. पार्किन्सनची गोळी मात्र सांगितल्यापेक्षा जास्त काळ बंद ठेवू नका. ती अचानक लांबली तर ताप, अंग कडक होणं असा गंभीर त्रास होऊ शकतो.

सर्जनला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. तुमच्या चमूने आजवर किती डीबीएस केल्या, त्यांत किती जणांना रक्तस्राव झाला, त्यांचं पुढे काय झालं? चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही. मग तारेचा मार्ग कसा आखणार? आजकाल रक्तवाहिन्या दाखवणारं औषध टोचून एमआरआय काढतात आणि संगणकावर मार्ग असा निवडतात, की मेंदूच्या घड्यांमधल्या खोबणी, जिथे रक्तवाहिन्या असतात, आणि आतल्या पाण्याच्या पोकळ्या टळाव्यात. मेंदूतले विद्युत्संदेश ऐकण्यासाठी बारीक सुया किती वेळा घालणार, हेही विचारा. जागा अचूक सापडायला त्यांचा उपयोग होतो, पण आत जाणारी प्रत्येक जास्तीची सुई धोक्यात थोडी भर घालते. शेवटचं, ऑपरेशननंतर सीटी स्कॅन त्याच दिवशी होणार ना, आणि रात्री काही झालं तर न्यूरोसर्जन इमारतीत असेल की फोनवर?

तुमचा धोका जास्त आहे असं निघालं तर दुसरे मार्गही आहेत. औषध सतत देणारे पंप आहेत. कंप हाच मुख्य त्रास असेल तर कवटी न उघडता ध्वनिलहरींनी मेंदूतला नेमका बिंदू जाळण्याची पद्धतही देशात मोजक्या ठिकाणी आली आहे.

रक्तस्राव झालाच तर बहुतेकदा तो तार घालताना किंवा पहिल्या २४ तासांत कळतो. पण सगळाच नाही. शिरेत गुठळी होऊन येणारी सूज एक-दोन दिवसांनी डोकं वर काढते, आणि मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनीही, विशेषतः पडल्यावर किंवा रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू केल्यावर. इथे गोंदियाचं अंतर आडवं येतं. नागपूर आगगाडीने सुमारे १३० किलोमीटर. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने किंवा पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने यायचं तर रात्रभराहून मोठा प्रवास. डिस्चार्ज मिळाला की त्याच रात्रीची गाडी पकडायची घाई करू नका. निदान टाके निघेपर्यंत रुग्णालयाच्या जवळपास राहता आलं तर उत्तम. तिथे धर्मशाळेची सोय आहे का, हे रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा, सरकारी योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला. परतीच्या गाडीत खालचीच बर्थ घ्या.

घरी आल्यावरची खरी अडचण अशी, की धोक्याची लक्षणं पार्किन्सनमध्येच खपून जातात. बोलणं बोबडं झालं, एक पाय ओढायला लागले, दिवसभर झोपून आहेत, काहीतरीच बोलतात, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत यांपैकी काही अचानक झालं, किंवा डोकं जोरात दुखून उलट्या झाल्या, झटका आला, तर तो आजार वाढल्याचा प्रकार समजू नका. सीटी स्कॅन लगेच हवा. उलटा प्रकारही असतो. यंत्र अजून चालू केलेलं नसताना कंप कमी झालेला दिसतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. हे सामान्य आहे. तार घातल्याने आलेल्या सुजेचा तो तात्पुरता परिणाम, सूज उतरली की जातो. यंत्र त्यानंतर सुरू करतात.

अशा वेळी कुठे जायचं हे आधी ठरवून कागदावर लिहा, दारामागे चिकटवा. गोंदिया शहराच्या आसपासचे लोक तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे वळतील. पण देवरी किंवा सडक अर्जुनीच्या माणसाने राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून साकोली-भंडारामार्गे थेट नागपूर गाठायचं, की आधी गोंदियात स्कॅन करायचा? देवरीच्या पलीकडच्या सीमेवरल्या गावांना रायपूर जवळ पडतं का? रात्री दोन वाजता २४ तास सीटी कुठे चालू आहे? याची उत्तरं शांत दिवशी फोन करून मिळवायची असतात. १०८ ला फोन करताना ‘मेंदूचं ऑपरेशन झालेला रुग्ण’ असं पहिल्याच वाक्यात सांगा. ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांच्या वॉर्डाचा नंबर दोन जणांच्या मोबाइलमध्ये हवा. स्कॅनचे फोटो तिकडे पाठवून सल्ला घेता येतो, आणि बऱ्याचदा त्यावरच पुढचा निर्णय होतो.

उलटी थांबवायला दिली जाणारी काही नेहमीची इंजेक्शनं, मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, पार्किन्सन वाढवतात. भ्रमासाठी दिलं जाणारं हॅलोपेरिडॉलही तसंच. ही तीन नावं ऑपरेशननंतर मिळणाऱ्या यंत्राच्या ओळखपत्राच्या मागे लिहून ठेवा. जवळच्या दवाखान्यात दाखवा. उलटीसाठी डॉमपेरिडोन किंवा ऑन्डॅनसेट्रॉन हा पर्याय त्यांच्याकडे असतो.

छातीवरच्या बॅटरीभोवती सूज आली, जागा ताणलेली आणि निळसर दिसली, तर तिथे रक्त साचलेलं असू शकतं. मेंदूइतकं ते भीतीचं नाही, पण गावातल्या कुणालाही तिथे सुई घालून ‘पाणी काढू’ देऊ नका. आत जंतू गेले तर सगळं यंत्र काढावं लागण्याची वेळ येते, आणि तारही तुटू शकते. चोळणं, लेप, शेक काही नको. शेकाचा एक प्रकार तर जन्मभर वर्ज्य आहे: फिजिओथेरपीतलं डायथर्मी यंत्र. त्याची ऊर्जा तारेतून मेंदूत जाऊन तिथला भाग भाजला गेल्याचे प्राणघातक प्रकार परदेशात घडले आहेत. गुडघ्याला शेक दिला तरी धोका तोच. पुढे हर्निया, मोतीबिंदू, दात, काहीही करायचं असो, एमआरआय काढायचा असो, ओळखपत्र आधी दाखवा.

न चार्ज होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. चार्ज होणारी जास्त वर्षं टिकते, मात्र ती वेळेवर चार्ज करायला घरात कुणीतरी हवं. बॅटरी बदलताना मेंदूला हात लावत नाहीत, फक्त छातीवरची जागा उघडतात, त्यामुळे लोक ते किरकोळ समजून अ‍ॅस्पिरिनबद्दल सांगायचं विसरतात. तेव्हाही पाकिटं पुन्हा एकदा सर्जनपुढे ठेवा. मधल्या वर्षांत पिशवीत नव्या गोळ्यांची भर पडलेली असते.